आवक्ष सैनिकी लघुशिल्पांचे रंगकाम

आवक्ष सैनिकी लघुशिल्पांचे रंगकाम : इतिहासकालीन सेनानी अथवा सैनिक यांच्या मस्तकापासून छातीपर्यंतच्या लहान आकाराच्या शिल्पावर रंगलेपन करून सजीवतेचा आभास निर्माण करण्याची कला. अशी शिल्पे बहुधा मूळ मानवी आकाराच्या एकदशांश वा त्याच्या आसपासच्या प्रमाणात घडविलेली असतात. या प्रमाणात मस्तकाची उंची सु. २·३ सेंमी., तर डोळ्यातील बुबुळाचा व्यास केवळ १·२ मिमी. भरतो. शिल्प कृत्रिम रेझिनात ओतलेले, क्वचित धातूचे असते. एकविसाव्या शतकात संगणकावर घडविलेल्या आकृतीवरून त्रिमितीय मुद्रणाने काढलेली शिल्पेही प्रचारात आली आहेत. रंगकामासाठी पूर्वी तैलरंग व एनॅमल रंग वापरीत. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून मात्र पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगांचा वापर वाढत जाऊन आज तो सर्वसामान्य झाला आहे.

या कलेकडे छंद म्हणून पाहण्याची प्रथा आहे व ती अयोग्य नाही. तथापि तिच्यात एक जबाबदारी अनुस्यूत आहे. रंग न दिलेले शिल्प डगल्याच्या रंगाविषयी मौन पाळू शकते. रंगविलेल्या शिल्पाला ती मुभा नसते. सैनिकाचे डोळे कोणत्या रंगाचे होते, डगल्याची निळाई किती गडद होती, पट्टा नवा होता की मळका, अशा प्रत्येक प्रश्नाचे उत्तर रंगकाराला द्यावेच लागते, मग त्यासाठी पुरावा असो वा नसो. शिवाय हाती धरून सर्व बाजूंनी पाहता येणारी वस्तू चित्रापेक्षा अधिक खरी वाटते. त्यामुळे तिच्यातील चूकही सहज इतिहास म्हणून स्वीकारली जाते.

पूर्वपीठिका : शिल्प रंगविण्याची परंपरा अतिप्राचीन आहे. ईजिप्तमधील अमार्ना येथे १९१२ मध्ये सापडलेला नेफरतीतीचा आवक्ष पुतळा (इ. स. पू. चौदावे शतक) हे तिचे सर्वांत ख्यातनाम उदाहरण होय. चुनखडीच्या गाभ्यावर गिलाव्याचा थर देऊन तो रंगविलेला आहे. ग्रीक व रोमन शिल्पेही रंगीत असत. रोमजवळील प्रीमा पोर्ता येथे १८६३ मध्ये उजेडात आलेल्या सम्राट ऑगस्टसच्या चिलखतधारी पुतळ्यावर रंगांचे अवशेष आढळले आणि शुभ्र संगमरवर म्हणजेच अभिजात शिल्प, या समजुतीला धक्का बसला. सतराव्या शतकातील स्पेनमध्ये काष्ठशिल्प कोरणारा व ते रंगविणारा हे दोन वेगळ्या व्यवसायसंघांचे कारागीर असत. सेव्हिल येथील शिल्पकार क्वान मार्तीनेझ माँतान्येस (१५६८–१६४९) याच्या मूर्ती चित्रकार फ्रान्सिस्को पाचेको (१५६४–१६४४) याने रंगविल्या. व्हेलास्केथचा गुरू व सासरा असलेल्या या चित्रकाराने मूर्तीच्या त्वचेला चकाकी न ठेवता तिचा पृष्ठभाग मंद राखावा, असा आग्रह आपल्या ग्रंथात धरला. चकचकीत लेपावर पडणारे उजेडाचे कवडसे शिल्पाचे रूप बिघडवितात, हे त्याने ओळखले होते. आजच्या लघुशिल्प-रंगकारांतील अनेकांना पाचेकोचे नावही ठाऊक नसेल. पण ते त्याचाच नियम पाळतात.

सैनिकी विषयाची परंपरा याहून वेगळ्या वाटेने आली. अठराव्या शतकात जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे हिल्पर्ट कुटुंबाने कथिलाचे चपटे सैनिक तयार केले. लंडनमध्ये विल्यम ब्रिटन याच्या कंपनीने १८९३ पासून आतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतण्यास सुरुवात केली. खेळण्यांच्या या व्यवसायातूनच पुढे प्रौढांचा अभ्यासपूर्ण छंद वाढला व १९३५ मध्ये ब्रिटिश मॉडेल सोल्जर सोसायटी स्थापन झाली. खेळण्याला लाल डगला व गुलाबी चेहरा पुरेसा होता. आवक्ष शिल्पात चेहराच प्रमुख असल्याने तेवढ्यावर भागत नाही.

माध्यम : ॲक्रिलिक आम्लापासून मिळणाऱ्या बहुवारिकांवर जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो रोम (१८७६–१९३९) याने १९०१ मध्ये प्रबंध सादर केला होता. चित्रकारांसाठी पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग अमेरिकेत १९५५ च्या सुमारास विक्रीस आले. या रंगात बहुवारिकाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असून त्यांत रंगद्रव्य मिसळलेले असते. पाणी उडून गेले की हे कण एकमेकांस भिडतात, एकजीव होतात व त्यांचे सलग पटल बनते. ते पुन्हा पाण्यात विरघळत नाही. रंगकामाची सारी पद्धत या एका गुणधर्मातून निघते. तैलरंग दिवसदिवस ओला राहतो, म्हणून त्यात दोन छटा शिल्पावरच एकमेकींत मिसळता येतात. ॲक्रिलिकचा पातळ थर काही मिनिटांत सुकतो. येथे मिश्रणाची जागा थरांची रास घेते : खालचा थर न बिघडविता त्यावर दुसरा, तिसरा, प्रसंगी विसावा पारदर्शक थर चढविता येतो. ओल्या अवस्थेत माध्यम दुधाळ असल्याने सुकल्यावर रंग किंचित गडद होतो. नवशिक्याचा पहिला हिरमोड बहुधा येथेच होतो.

रंग फार लवकर सुकू नये म्हणून ओलसर रंगपाट वापरतात. उथळ डबीत भिजलेला स्पंज ठेवून त्यावर बेकरीत वापरतात तसला कागद पसरतात. कागदातून झिरपणाऱ्या ओलाव्यामुळे वर काढलेला रंग कित्येक तास कामायोग्य राहतो. कोरड्या हवेत या साध्या साधनावाचून काम जवळजवळ अशक्य होते.

पुराव्याची छाननी : उदाहरणादाखल नेपोलियनच्या शाही गार्ड दलातील पायदळी ग्रेनेडियर घेता येईल. लघुशिल्पकारांचा हा अत्यंत आवडता विषय आहे. अस्वलाच्या कातड्याची उंच टोपी, तिच्या पुढील भागी पितळी पत्रा, गडद निळा डगला, छातीवर पांढरे पल्ले, खांद्यावर तांबड्या लोकरीची झालरदार स्कंधभूषणे आणि छातीवरून जाणारे पांढरे पट्टे असा त्याचा पोशाख होता. वर्णन सोपे वाटते. परंतु ‘गडद निळा’ म्हणजे नेमका कोणता, हे ठरविताना अडचणींना आरंभ होतो.

त्या काळी लोकरी कापडाची निळाई निळीच्या रंगाने येई. समुद्रमार्गे येणारी नीळ युद्धामुळे दुर्मिळ झाल्याने १८०६ मध्ये फ्रान्सच्या काही पायदळ पलटणींना पांढरे डगले देण्याचा हुकूम निघाला व १८०७ मध्ये तो मागे घेण्यात आला. पांढऱ्या कापडावरील रक्ताचे डाग पाहून सम्राटाला किळस आली, अशी आख्यायिका त्याबाबत सांगतात. पुढे वोड या यूरोपीय वनस्पतीपासून निळा रंग काढण्यास उत्तेजन देण्यात आले. अर्थात, सैन्यातील सर्व निळे डगले एकाच छटेचे असणे संभवनीय नव्हते. इंग्लंडच्या सैन्यातही हेच दिसते : अधिकाऱ्यांचे डगले कोचिनियल किड्यापासून काढलेल्या झळाळत्या किरमिजी रंगाचे, तर शिपायांचे मंजिष्ठेच्या विटकरी तांबड्या रंगाचे असत. पदांमधील अंतर रंगातच दिसे. दोघांचे डगले एकाच बाटलीतील लाल रंगाने रंगविणारा हे अंतर पुसून टाकतो.

संग्रहालयातील मूळ पोशाख पाहणे हा उत्तम उपाय होय. पण तोही निर्दोष नाही. पॅरिस येथील म्यूझे द लार्मे या सेना-संग्रहालयात त्या काळचे पोशाख जतन केलेले आहेत. तथापि दोन शतकांच्या प्रकाशाने रंगद्रव्ये समप्रमाणात फिकी होत नाहीत. निळ्यावर पिवळा चढवून मिळविलेल्या हिरव्या रंगातील पिवळा अंश आधी उडतो आणि जुने हिरवे कापड निळसर दिसू लागते. अशा डगल्याची हुबेहूब नक्कल करणारा रंगकार १८०९ चा सैनिक रंगवीत नसून आजचे कापड रंगवीत असतो.

चित्रांचीही अशीच पारख करावी लागते. झाक ल्वी दाव्हीद याने १८१२ मध्ये रंगविलेल्या, सध्या वॉशिंग्टन येथे असलेल्या चित्रात नेपोलियन आपल्या अभ्यासिकेत याच ग्रेनेडियर दलाच्या कर्नलच्या पोशाखात उभा आहे. समकालीन व कसबी चित्रकाराचा पुरावा म्हणून त्याचे मोल मोठे आहे. परंतु तो पोशाख सम्राटाचा असून साध्या शिपायाचा नाही. एद्वार देताय (१८४८–१९१२) याची सैनिकी चित्रे तपशिलांनी समृद्ध असली, तरी त्याचा जन्मच वॉटर्लूच्या लढाईनंतर (१८१५) तेहतीस वर्षांनी झाला. लघुशिल्पांच्या जगात देतायला साक्षीदाराचा मान मिळतो. वास्तविक तो स्वतः एक साक्षेपी संशोधक होता आणि त्याच्याही चुका होणे शक्य होते.

सामान्य शिपायाच्या चेहऱ्याचा पुरावा तर याहून विरळा. सेनापतींची व्यक्तिचित्रे विपुल आहेत, शिपायाचे चित्र कोण काढणार? या दृष्टीने अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संग्रहातील पंधरा छायाचित्रे अनमोल आहेत. नेपोलियनच्या सैन्यातील वृद्ध सैनिक आपले जुने पोशाख चढवून छायाचित्रकारापुढे उभे राहिले. त्यांच्या छातीवर ऑगस्ट १८५७ मध्ये सुरू झालेले सेंट हेलीना पदक दिसते; त्यावरून ती छायाचित्रे त्यानंतरची, सामान्यतः १८५८ ची मानतात. त्यांत ग्रेनेडियर दलातील सार्जंट तारिया हाही आहे. सुरकुतलेला, ताठ उभा राहिलेला हा म्हातारा म्हणजे रंगकाराच्या समोरील शिल्पाचा खराखुरा सोबती होय. मात्र चाळीस वर्षांनी घातलेला पोशाख मूळचाच आहे की नंतर दुरुस्त केलेला, हे दरवेळी सांगता येत नाही. याहून फसवी गोष्ट निराळीच आहे. त्या काळच्या छायाचित्र-काचेवरील रसायन निळ्या प्रकाशाला संवेदनशील व तांबड्याला जवळजवळ आंधळे असे. परिणामी निळे कापड प्रत्यक्षाहून फिके, तर तांबडे स्कंधभूषण काळेभोर उमटते. ही गोष्ट न जाणता छायाचित्रातील करड्या छटांवरून रंगांची उजळता ठरविली, तर ती नेमकी उलटी ठरते.

पूर्वतयारी : साच्यातील सांध्यांच्या रेषा पात्याने खरवडून व बारीक काचकागदाने घासून काढतात, फटी लुकणाने बुजवितात आणि साच्याला लावलेल्या तेलकट द्रव्याचा अंश जावा म्हणून शिल्प सौम्य साबणाच्या पाण्याने धुतात. या पायरीचा कंटाळा केल्यास पुढे रंगाचे पापुद्रे सुटतात. टोपी व मस्तक वेगवेगळे असतील तर ते वेगळेच रंगविणे सोयीचे पडते. मग अस्तराचा पातळ थर फवारतात. अनेक रंगकार प्रथम सर्वत्र काळे अस्तर देऊन नंतर केवळ वरच्या बाजूने पांढऱ्याचा फवारा मारतात. प्रकाश माथ्यावरून पडल्यास कोठे उजेड व कोठे छाया येईल, याचा नकाशाच त्यामुळे शिल्पावर उमटतो.

हा नकाशा का लागतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. एवढ्या लहान शिल्पावर प्रत्यक्ष प्रकाश पडतच असतो, मग छाया रंगविण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न साहजिक आहे. भुवईखालची खोबण या प्रमाणात दोन-तीन मिमी. खोल असते. खोलीतील चहूबाजूंचा विखुरलेला प्रकाश तिच्यात सहज शिरतो व चेहरा सपाट दिसतो. म्हणून उन्हात उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जी छाया पडली असती, ती रंगाने निर्माण करावी लागते. गडद रंग थोडे उजळून वापरण्याचा प्रघातही याच कारणाने समर्थनीय ठरतो. लहान वस्तू दूरची भासते व दूरच्या वस्तूचा रंग हवेमुळे फिकट होतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण देतात. पण ते टिकत नाही. एकदशांश शिल्प ३० सेंमी. वरून पाहणे म्हणजे माणसाला ३ मी. वरून पाहणे होय आणि तेवढ्या अंतरात हवा कोणताच रंग फिका करीत नाही. खरे कारण असे, की दिव्याच्या मंद उजेडात निळीचा गडद रंग काळा दिसतो व त्यातील घड्या हरवतात.

चेहरा : त्वचेचा मध्यम रंग प्रथम सर्वत्र देऊन त्यावर छायेचे व उजेडाचे थर क्रमाने चढवितात. रंग इतका पातळ करतात, की एका थराचा परिणाम जेमतेम जाणवावा. कुंचला रंगात बुडविल्यावर कागदाला टेकवून जादा द्रव काढून घेतात, अन्यथा कडेला डागाची रेघ उरते. कुंचल्याची ओढ ज्या दिशेने संपते तेथे रंगद्रव्य अधिक साचते. म्हणून छायेचा थर छायेच्या दिशेने व उजेडाचा थर उजेडाच्या दिशेने ओढतात.

मानवी चेहरा एकरंगी नसतो. कपाळावर पिवळसर झाक, गाल, नाक व कानांवर रक्ताचा तांबूसपणा आणि हनुवटीच्या भागात दाढीच्या खुंटांमुळे निळसर-करडी छटा दिसते. या तीन पट्ट्या ओळखल्या, की चेहऱ्यात जीव येऊ लागतो. ग्रेनेडियरबाबत येथे इतिहास मदतीस येतो. या दलात प्रवेशासाठी सु. १७८ सेंमी. उंची व बरीच वर्षे सैनिकी सेवा अपेक्षित असे. म्हणजे हा पोरसवदा तरुण नव्हे. ऊनपाऊस सोसलेला, तिशी-चाळिशीचा माणूस आहे. त्याच्या नाकाचा शेंडा व गालाची हाडे रापलेली, तर टोपीखालील कपाळाची कड त्यामानाने फिकी दाखविणे सयुक्तिक ठरते. यासाठी कोणताही लेखी पुरावा लागत नाही, शेतात राबणाऱ्याचे पागोटे उतरल्यावर दिसणारे कपाळ आठवावे.

डोळ्यांवर सारे काम तरते वा बुडते. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी कसबी हातांकडे सोपविलेली असते, त्यामागेही हेच कारण आहे. लघुशिल्पात डोळ्याचा पांढरा भाग शुद्ध पांढऱ्याने कधीच भरीत नाहीत. तसे केल्यास चेहरा भेदरलेला दिसतो. किंचित करड्या वा गुलाबी रंगाचा थर देऊन वरच्या पापणीलगत छाया देतात. बुबुळाचे वरचे टोक पापणीखाली झाकलेले असावे लागते. वरच्या पापणीची कड गडद तपकिरी, खालची मात्र अगदी फिकी ठेवतात. दोन्ही डोळ्यांची नजर एकाच बिंदूवर मिळणे ही खरी कसोटी. केसाएवढा फरक पडला तरी सैनिक तिरळा होतो. शेवटी बाहुलीवर, उजेडाच्या बाजूस, पांढरा ठिपका देतात. नवशिके डोळे अखेरीस रंगवितात, पण जाणकार ते आरंभीच उरकतात. डोळे बिघडले तर ते सुधारताना भोवतालची त्वचाही पुन्हा रंगवावी लागते, हे त्यांना अनुभवाने माहीत असते.

पोशाख : निळ्या कापडावरील उजेड दाखविण्यासाठी त्यात नुसता पांढरा मिसळल्यास कापड खडूसारखे दिसते. करडा वा त्वचेचा फिका रंग अल्प प्रमाणात मिसळल्यास लोकरीचा उबदारपणा राहतो. लोकरीचा पोत कुंचल्याच्या टोकाने असंख्य बारीक ठिपके देऊन दर्शवितात. पांढरे पल्ले व पट्टे यांचा पाया राखाडी-पिवळसर असतो. निव्वळ पांढरा केवळ घडीच्या कडेसाठी राखून ठेवतात. त्यातही भेद आहे. पल्ले कापडाचे, तर पट्टे पांढरी माती फासलेल्या चामड्याचे. ही माती वाकणाच्या जागी तडकते व निळ्या डगल्यावर तिचा भुरका उतरतो. टोपीचे केस काळ्या रंगाऐवजी गडद तपकिरी व निळसर छटांच्या रेषांनी रंगविणे योग्य.

पितळी पत्रा व गुंड्या यांबाबत दोन संप्रदाय आहेत. धातूची चमक असलेले रंग वापरल्यास शिल्प फिरविताच चमकही फिरते. दुसरा पक्ष साधे पिवळे व तपकिरी रंग घेऊन त्यांतच धातूवरील प्रतिबिंबे चितारतो. ती पद्धत छायाचित्रात अप्रतिम दिसते, परंतु बाजूने पाहिल्यास प्रतिबिंब जागचे हलत नाही व फसवणूक उघडी पडते. हाती धरून पाहण्याच्या वस्तूसाठी पहिली पद्धत अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल. मात्र प्रदर्शनांतील रुची बव्हंशी छायाचित्रांनी घडत असल्याने दुसरीचे अनुयायी बरेच आहेत. त्याच रुचीपायी सैनिकाच्या गालांवर जांभळ्या-हिरव्या छटांचा अतिरेक व प्रत्येक डगल्यावर चिखल दाखविण्याची हौसही बोकाळली आहे. शाही गार्ड संचलनात मळक्या पट्ट्याने उभा राहिला असता, तर त्याला शिक्षा झाली असती.

ॲक्रिलिक थर पूर्ण वाळल्यावर त्यावर तैलरंगाचा पातळ हात देता येतो व काही रंगकार छायेच्या कडा अशा रीतीने मृदू करतात. याउलट तैलरंगावर ॲक्रिलिक नीट चिकटत नाही. अखेरीस मंद रोगण फवारून सर्व पृष्ठभागाची चकाकी सारखी करतात आणि मग ओठ, ओले डोळे व चामडे यांना निरनिराळ्या प्रमाणात तकाकी परत देतात. ॲक्रिलिक पटल उष्णतेने किंचित मऊ पडते व धूळ धरते. म्हणून तयार शिल्प थेट उन्हापासून दूर, काचेच्या पेटीत ठेवतात. बैठकीवर दल, हुद्दा व वर्ष कोरण्याची पद्धत आहे. काही अभ्यासू रंगकार तळाशी चिठ्ठी चिकटवून डगल्याचा रंग कोणत्या संग्रहालयातील पोशाखावरून वा चित्रावरून घेतला, तेही लिहून ठेवतात. डोळ्यांच्या रंगापुढे त्या चिठ्ठीत बहुधा ‘कल्पित’ एवढाच शब्द असतो.